आठ आकड्यांत अडकलेलं रेझिन: लॅबच्या सामानाचा कस्टम्स कोड कसा ठरतो?

(या भागाचं शब्दांकन. ऐकायला वेळ नसेल तर वाचा, आणि कामाचं वाटलं तर लॅबच्या ग्रुपवर टाका.)



आज एका छोट्या कोड्याने सुरुवात करू. प्रयोगशाळेत वापरतात ते ९९ टक्क्यांहून शुद्ध सोडियम क्लोराइड आणि आपल्या घरच्या मिसळणाच्या डब्यातलं मीठ, यांच्यात कस्टम्सच्या पुस्तकात किती अंतर असेल? उत्तर आहे, शून्य. दोन्ही एकाच हेडिंगखाली बसतात, २५०१. तिथे चक्क लिहिलंय की जेवणातलं मीठसुद्धा इथेच आणि शुद्ध सोडियम क्लोराइडसुद्धा इथेच.

आता दुसरं कोडं. प्रोटीन द्रावणातून खाली बसवायला अमोनियम सल्फेट लागतं. बायोकेमिस्ट्रीच्या पहिल्या वर्षापासून आपण ते वापरतो. ते कुठे असेल? रसायनांच्या प्रकरणात? नाही. ते आहे ३१व्या प्रकरणात, आणि ३१वं प्रकरण आहे खतांचं! कितीही शुद्ध असलं तरी तिथेच.

हे ऐकून हसू येतं. पण तुमचं रेझिन सहारच्या एअर कार्गोत बसून राहतं, बर्फाच्या डब्यातला बर्फ वितळायला लागतो आणि ब्रोकरचा फोन येतो की "साहेब, कस्टम्सने कोडवर क्वेरी काढलीय", तेव्हा हसू पळून जातं. म्हणून आजचा विषय: प्रोटीन शुद्ध करायला जे सामान आपण बाहेरून मागवतो, त्याचा कस्टम्स कोड ठरतो कसा, आणि त्यात आपलं, म्हणजे लॅबमधल्या माणसाचं, काय काम आहे.

आधी कोड म्हणजे काय ते बघू

जगात विकली जाणारी प्रत्येक वस्तू कुठल्या ना कुठल्या कप्प्यात टाकायची, अशी एक यादी आहे. तिला एचएस म्हणतात. ब्रुसेल्सची जागतिक सीमाशुल्क संघटना ती सांभाळते. ही पद्धत १ जानेवारी १९८८ पासून लागू आहे आणि साधारण दर पाच-सहा वर्षांनी सुधारली जाते. सध्या २०२२ ची आवृत्ती चालू आहे, पुढची १ जानेवारी २०२८ पासून येणार आहे.

पहिले दोन आकडे म्हणजे प्रकरण. चार आकडे झाले की हेडिंग. सहा झाले की सब-हेडिंग. या सहा आकड्यांपर्यंत सगळं जग एकच भाषा बोलतं. पुढचे दोन आकडे भारताचे स्वतःचे, असे मिळून आठ. हे आठ आकडे आपल्याकडे कस्टम्स टॅरिफ ॲक्ट, १९७५ च्या पहिल्या अनुसूचीत छापलेले आहेत.

म्हणून जर्मनीच्या किंवा अमेरिकेच्या सप्लायरने इनव्हॉइसवर कोड छापला असेल, तर त्याचे पहिले सहा आकडे आपल्याला दिशा देतात. पण पुढचे आकडे त्याच्या देशाचे असतात. ते जसेच्या तसे उचलून आपल्या कागदावर टाकले, की घोळ सुरू. आणि पहिले सहासुद्धा डोळे मिटून घ्यायचे नाहीत, कारण इथे सही आपली असते. २०११ पासून आपल्याकडे स्वतःच असेसमेंट करायची पद्धत आहे. म्हणजे बिल ऑफ एंट्रीत कोड, दर, सवलत हे सगळं आयातदाराने स्वतः लिहायचं. कस्टम्स ते तपासू शकतं, पण पहिलं विधान आपलं असतं.

एक प्रोटीन, कितीतरी कप्पे

एक साधा प्रयोग घेऊ. जीवाणूंमध्ये एक प्रोटीन बनवायचं आणि ते बाहेर काढून शुद्ध करायचं. प्रोटीनच्या टोकाला आपण हिस्टिडिनची शेपटी जोडलेली असते. ही शेपटी निकेलला चिकटते. मग निकेल धरून ठेवणारे बारीक मणी, म्हणजे रेझिन, नळीत भरायचं. वरून जीवाणूंचा रस ओतायचा. आपलं प्रोटीन चिकटून राहतं, बाकी सगळं वाहून जातं. शेवटी इमिडॅझोल टाकलं की ते निकेलवरची जागा बळकावतं आणि प्रोटीन सुटून खाली येतं.

आता याच प्रयोगाचं सामान कस्टम्सच्या चष्म्यातून बघा.

जीवाणू वाढवायला ट्रिप्टोन लागतं. ते पेप्टोन आहे, म्हणून ३५०४. तयार कल्चर मीडियम घेतलं तर ३८२१. जीवाणूंची भिंत फोडायला लायसोझाइम लागतं, ते एन्झाइम आहे म्हणून ३५०७. बफरसाठीचं ट्रिस हे सेंद्रिय रसायन, २९२२. इमिडॅझोलही सेंद्रिय, पण त्यात नायट्रोजन असलेलं रिंग आहे म्हणून २९३३. तुलनेसाठी बोव्हाइन सीरम अल्ब्युमिन घेतलं तर ३५०२. काचेचं सामान ७०१७. मीठ २५०१. खताच्या प्रकरणातलं अमोनियम सल्फेट तर आपण बघितलंच.

म्हणजे एकाच टेबलावरचं, एकाच दुपारी वापरायचं सामान, आणि कप्पे आठ-नऊ. परचेस विभागात कोणी या सगळ्यांवर "लॅब केमिकल्स" असं एकच नाव लिहून फाइल पुढे सरकवली, तर गोंधळ तिथेच सुरू होतो.

मग रेझिनचं काय?

खरी पंचाईत इथे आहे. निकेलचं रेझिन म्हणजे नेमकं काय? त्याला किमान तीन कप्पे बोलावतात.

पहिला, ३९१४. हा आयन-एक्सचेंजरचा कप्पा. पॉलिमरपासून बनलेले, प्राथमिक रूपातले आयन-एक्सचेंजर इथे येतात. या हेडिंगच्या स्पष्टीकरणात पाणी मृदू करण्याबरोबर क्रोमॅटोग्राफीतला वापरही सांगितलेला आहे. तुमचं रेझिन क्यू किंवा एसपी प्रकारचं असेल, म्हणजे प्रोटीनला त्याच्या विद्युतभारावरून पकडणारं असेल, तर हा कप्पा नैसर्गिक वाटतो. पण निकेलचं रेझिन भारावर नाही, तर निकेल आणि हिस्टिडिनच्या बंधावर काम करतं. मग ते आयन-एक्सचेंजर म्हणायचं का? इथे वाद सुरू होतो. आयन-एक्सचेंजर नसेल, तर उरतो ३९१३, म्हणजे नैसर्गिक पॉलिमर आणि त्यांची बदललेली रूपं. कारण मणी बहुतेक वेळा अ‍ॅगरोजचे असतात, आणि अ‍ॅगरोज येतं समुद्री शेवाळापासून.

दुसरा, ३८२२. हा निदानाच्या आणि प्रयोगशाळेच्या तयार रिएजंटचा कप्पा. इथे किटसुद्धा बसतात. पण अट अशी की ते केवळ निदानासाठी किंवा प्रयोगशाळेसाठी आहे, हे त्याच्या घटकांवरून, लेबलवरून, वापराच्या सूचनांवरून स्पष्ट दिसायला हवं. रेझिन रिएजंट आहे, की वेगळं करण्याचं माध्यम? दोन्ही बाजूंनी बोलता येतं.

तिसरा, ९८०२. हा आपला खास भारतीय कप्पा, लॅबोरेटरी केमिकल्स नावाचाच. याच्या नोटमध्ये लिहिलंय: सेंद्रिय असो वा असेंद्रिय, कुठलंही रसायन, पण पॅकिंग ५०० ग्रॅम किंवा ५०० मिलीलिटरपेक्षा जास्त नको. शिवाय शुद्धता, खुणा किंवा अन्य गोष्टींवरून ते फक्त प्रयोगशाळेसाठीच आहे असं ओळखता यायला हवं. आणि या प्रकरणाची अजून एक नोट फार ताकदवान आहे. या कप्प्याच्या अटी पुऱ्या होत असतील, तर दुसरीकडे जास्त नेमका कप्पा असला तरी वस्तू इथेच येते. म्हणजे हा कप्पा बाकीच्यांच्या डोक्यावर बसतो.

म्हणून अमोनियम सल्फेट पुन्हा बघा. २५ किलोची गोणी: ३१०२, खत. एक किलोची बरणी: ३१०५, कारण खताच्या प्रकरणातल्या, एकूण वजन १० किलोपर्यंतच्या पॅकिंगला वेगळा कप्पा आहे. आणि प्रयोगशाळेसाठीच असल्याचं स्पष्ट दिसणारी ५०० ग्रॅमची बाटली: ९८०२. पावडर तीच. बदललं फक्त पॅकिंग आणि लेबल.

नियम असतात, अंदाज चालत नाही

"मग यातलं कुठलं निवडायचं, नाणं उडवायचं का?" नाही हो. त्यासाठी सहा नियम आहेत, टॅरिफच्या सुरुवातीलाच छापलेले. यातले दोन लक्षात ठेवले तरी पुष्कळ.

पहिला नियम: हेडिंगचे शब्द आणि प्रकरणाच्या नोट्स, हेच पहिले आणि मुख्य. विभागाचं किंवा प्रकरणाचं मथळ्याचं नाव फक्त सोयीसाठी असतं. ३१व्या प्रकरणाचं नाव "खते" आहे म्हणून शुद्ध अमोनियम सल्फेट तिथे कसं, असं विचारायचं नाही. नोटमध्ये "शुद्ध असो वा नसो" असं लिहिलंय, संपलं.

तिसरा नियम: एकाच वस्तूला दोन कप्पे लागू पडत असतील, तर जास्त नेमकं वर्णन असलेला घ्यायचा. तसं ठरवता येत नसेल, मिश्रण किंवा संच असेल, तर त्याला मूळ स्वभाव कुठला घटक देतो ते बघायचं. तेही जमलं नाही, तर आकड्यांच्या क्रमाने शेवटी येणारा कप्पा.

लक्षात घ्या, या नियमांमध्ये "आम्ही हे कशासाठी वापरणार" हा प्रश्न सहसा मध्यभागी नसतो. वस्तू आयातीच्या क्षणी काय आहे, हे बघितलं जातं. जिथे कप्प्याच्या शब्दांतच वापर लिहिलाय, जसं "प्रयोगशाळेचे रिएजंट", तिथे वापर मोजला जातो, पण तोही वस्तूवरून दिसणारा. तुमच्या मनातला नाही.

यंत्रांचंही असंच. क्रोमॅटोग्राफ ९०२७ मध्ये असतात, पण ९०२७ हे मुळात विश्लेषणाच्या उपकरणांचं हेडिंग आहे. तुमचं यंत्र विश्लेषण करण्यापेक्षा लिटर-लिटर द्रावण शुद्ध करण्यासाठी बनवलेलं असेल, तर द्रव गाळणाऱ्या आणि शुद्ध करणाऱ्या यंत्रांचं ८४२१ दार ठोठावतं. म्हणून यंत्र मागवताना "हे मोजतं की शुद्ध करतं?" या प्रश्नाचं उत्तर कॅटलॉगमधून काढून ठेवा.

एवढा आटापिटा कशाला? पैसे बघा

समजा सामानाची कस्टम्सने धरलेली किंमत एक लाख रुपये, म्हणजे वस्तूची किंमत, विमा आणि भाडं मिळून. समजा बेसिक ड्युटी १० टक्के. त्यावर सोशल वेल्फेअर सरचार्ज, ड्युटीच्या १० टक्के. मग या सगळ्या बेरजेवर आयजीएसटी.

बेसिक ड्युटी १०,००० रुपये. सरचार्ज १,००० रुपये. बेरीज १,११,०००. यावर आयजीएसटी १८ टक्के धरला तर १९,९८०. एकूण कर ३०,९८० रुपये.

आता बाकी सगळं तसंच ठेवा आणि आयजीएसटी ५ टक्के करा. तो होतो ५,५५०. एकूण कर १६,५५०. एका लाखाच्या मालावर १४,४३० रुपयांचा फरक, फक्त कोडवरून.

हे काल्पनिक गणित वाटेल, पण तसं नाही. ३८२२ वर जीएसटी बऱ्याच काळ १२ टक्के होता. तो फक्त निदानाच्या किटला आहे की प्रयोगशाळेच्या रिएजंटलाही, यावरच लोक गोंधळले होते. शेवटी ६ ऑक्टोबर २०२१ च्या परिपत्रकात सरकारला सांगावं लागलं की त्या हेडिंगखालच्या प्रयोगशाळा रिएजंटलाही तोच सवलतीचा दर आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १२ वरून ५ टक्क्यांवर आला. म्हणून "आमचं रेझिन ३८२२ आहे" हे वाक्य आता आणखी मोहात पाडणारं झालंय. आणि जिथे मोह, तिथे कस्टम्सची नजर.

नोंदणीकृत कंपनीला आयजीएसटीचं क्रेडिट पुढे वापरता येतं. पण जी विद्यापीठाची लॅब काही विकतच नाही, तिला ते क्रेडिट वापरायला जागाच नसते. तिच्यासाठी हा सरळ ग्रँटमधून गेलेला पैसा. त्या पैशांत दोन बाटल्या एन्झाइम आलं असतं.

२०२४ चा तो आठवडा

कोडची ओळ किती महाग पडू शकते, याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण २३ जुलै २०२४ च्या बजेटचं. त्यात ९८०२, म्हणजे आपला लॅब केमिकल्सचा कप्पा, याची बेसिक ड्युटी १० टक्क्यांवरून थेट १५० टक्के झाली.

वरचं गणित पुन्हा करा. एक लाखाच्या मालावर बेसिक ड्युटी दीड लाख. सरचार्ज १५,०००. बेरीज २,६५,०००. आयजीएसटी १८ टक्के धरला तर ४७,७००. कर झाला २,१२,७०० रुपये. म्हणजे एक लाखाची वस्तू तीन लाखांच्या वर!

देशभरातल्या शास्त्रज्ञांनी आवाज उठवला. संशोधनाचा पैसा वर्षाच्या सुरुवातीलाच मंजूर झालेला असतो, तो मध्येच तिप्पट कुठून आणणार? दहा दिवसांच्या आत सरकारने सवलत परत दिली. दर पुन्हा १० टक्के, पण अटीसह. आयातदाराने लिहून द्यायचं की हे माझ्या स्वतःच्या प्रयोगशाळेसाठी किंवा संशोधनासाठी आहे, विकण्यासाठी नाही. आणि डिनेचर न केलेलं इथाइल अल्कोहोल या सवलतीतून बाहेर.

हे शेवटचं वाक्य नीट वाचलं, की सरकारच्या डोक्यात काय होतं याचा अंदाज येतो. पिण्याजोग्या अल्कोहोलवर ड्युटी जबर, आणि लॅब केमिकल म्हणून आणलं तर १० टक्के. अशी फट राहिली, की तिच्यातून कोण शिरेल ते सांगायला नको. फट बुजवायला गेले आणि सगळ्या लॅबच्या कपाटांना कुलूप लागलं.

यातून दोन गोष्टी घ्या. एक, "स्वतःच्या वापरासाठी" ही अट. आपल्यापैकी बहुतेक लॅब थेट आयात करत नाहीत. वितरक आणतो आणि आपल्याला विकतो. वितरकाचा तर धंदाच विकण्याचा, मग तो ही सवलत कशी मागणार? म्हणून कोटेशन घेताना विचारा: आयातदार कोण, वितरक की आपली संस्था? दुसरी गोष्ट, रेझिन बहुधा २० टक्के इथेनॉलमध्ये बुडवून येतं, खराब होऊ नये म्हणून. कागदावर नुसतं "इथेनॉल" दिसलं तर प्रश्न येऊ शकतो. "परिरक्षक म्हणून २० टक्के इथेनॉल" एवढं लिहिलेलं असलं तर उत्तर तयार असतं.

आणि हो, हे दर बजेटगणिक हलतात. २०२५ च्या बजेटमध्ये १५० टक्के हा टप्पाच दरांच्या यादीतून काढून टाकला. त्यामुळे मी आज सांगितलेला दर तुम्ही सहा महिन्यांनी वापरू नका. ऑर्डर देण्याच्या दिवशीचा दर बघा.

सवलत मागताना जास्त जपून

काही जण म्हणतील, संशोधन संस्थांना सवलत असतेच की. असते. डीएसआयआरकडे नोंद असलेल्या संशोधन संस्थांसाठी तशी सवलत आहे. उपकरणं आणि वापरून संपणारं सामान, दोन्हीला ती लागू होऊ शकते. पण कागद पूर्ण हवेत आणि आयातीच्या दिवशी ती चालू हवी.

इथे सुप्रीम कोर्टाचा एक निकाल माहीत असलेला बरा. ३० जुलै २०१८, पाच न्यायमूर्तींचं घटनापीठ, आणि प्रकरण आपल्या मुंबईच्या कस्टम्सचं, दिलीप कुमार अँड कंपनी. माल होता व्हिटॅमिन ई-५० पावडर. आयातदाराने तो कोळंबीच्या खाद्याच्या कप्प्यात दाखवून ५ टक्के सवलतीचा दर मागितला. कस्टम्स म्हणालं, हे तर व्हिटॅमिन आहे, २९३६ मध्ये टाका आणि पूर्ण दर भरा. कोर्टाने मोठा प्रश्न सोडवला: सवलतीच्या अधिसूचनेत संदिग्धता असेल तर फायदा कोणाला? उत्तर, सरकारला. सवलतीत आपण बसतो हे दाखवायची जबाबदारी मागणाऱ्याची.

याउलट, कर लावणाऱ्या मूळ कलमातच संदिग्धता असेल तर फायदा करदात्याला, हेही त्याच निकालात आहे. आणि वर्गीकरण बदलायचं असेल तर ते सिद्ध करण्याचं ओझं विभागावर असतं, असं कोर्टाने जुन्या निकालांत सांगितलेलं आहे. म्हणजे नुसत्या कोडच्या भांडणात तुम्ही तितके एकटे नसता. सवलतीच्या भांडणात मात्र तुमचे कागदच तुमचे सोबती.

चुकलं तर?

कमी ड्युटी भरली गेली असं नंतर दिसलं, तर विभाग साधारण दोन वर्षांपर्यंत मागे जाऊन मागणी करू शकतो. मुद्दाम लपवलं किंवा खोटं सांगितलं असा आरोप असेल तर पाच वर्षं. वरून व्याज आणि दंड. छोट्या स्टार्टअपला हे परवडत नाही. गुंतवणूकदाराने हिशेब तपासायला घेतले, की पहिल्यांदा हीच फाइल बाहेर येते.

म्हणून शंका असेल तर आधीच विचारायची सोय आहे. त्याला ॲडव्हान्स रूलिंग म्हणतात. २०२१ पासून यासाठी मुंबई आणि दिल्लीला दोन प्राधिकरणं काम करतात. माल आणायच्या आधी तुम्ही विचारता, ते कारणांसह उत्तर देतात, आणि ते उत्तर तुम्हाला आणि कस्टम्सला दोघांनाही बांधील असतं. कायदा किंवा वस्तुस्थिती बदलली नाही तर ते काही वर्षं चालतं. एखादं रेझिन दर महिन्याला लागणार असेल तर हा मार्ग विचार करण्याजोगा आहे. एकदाच २५ मिलीलिटर आणणार असाल, तर एवढा खटाटोप कदाचित नको. पण आधी दिलेली रूलिंग जाहीर असतात. आपल्यासारख्या वस्तूवर कोणी आधी विचारलंय का, हे बघायला काही लागत नाही.

आणि माल आलाच आहे, वाद मिटत नाही, फ्रीजरमधलं सामान खराब होतंय अशी वेळ आली, तर प्रोव्हिजनल असेसमेंट मागता येते. बाँड आणि गरज पडल्यास तारण देऊन माल सोडवायचा, कोडचा निकाल नंतर. ब्रोकरला हा शब्द आधीच सांगून ठेवा.

मग लॅबमधल्या माणसाने काय करायचं?

इथे मला आजचा खरा मुद्दा सांगायचाय. कोड ब्रोकर टाकतो, बरोबर. पण ब्रोकरने कधी रेझिन हातात घेतलेलं नसतं. त्याला मिळतो एक इनव्हॉइस, त्यावर एक ब्रँडचं नाव आणि कॅटलॉग नंबर. त्या नावावरून मणी कशाचे आहेत, त्यावर काय जोडलंय, हे कसं कळणार? ते सांगू शकणारी व्यक्ती एकच, जी हे रेझिन वापरणार आहे. बहुतेक वेळा ती तुमच्यासारखी पीएचडी करणारी किंवा पहिल्या नोकरीतली असते, आणि तिला कोणी विचारतच नाही.

म्हणून ऑर्डरबरोबर एक पान जोडा. साध्या भाषेत, पाच गोष्टी.

एक, वस्तू कशाची बनलीय. "क्रॉस-लिंक केलेल्या अ‍ॅगरोजचे मणी, त्यांना निकेल धरणारा गट जोडलेला", असं.

दोन, काम कसं करते. भारावर पकडते, की विशिष्ट बंधावर? ३९१४ चा फैसला याच एका ओळीवर असू शकतो.

तीन, कुठल्या रूपात येते. मोकळी, नळीत भरलेली की किटमध्ये? कशात बुडवून? भरलेली नळी आली तर प्रश्न बदलतो: ही वस्तू रेझिन की यंत्राचा भाग?

चार, पॅकिंग. प्रत्येक बाटली किती मिलीलिटर किंवा ग्रॅम. ५०० ची रेषा लक्षात ठेवा.

पाच, कोण वापरणार आणि कशासाठी. स्वतःची लॅब की पुढे विक्री, संशोधन की उत्पादन.

याला उत्पादकाची डेटाशीट आणि सुरक्षा पत्रक जोडा. वस्तू प्राण्यापासून आलेली असेल, जसं सीरम अल्ब्युमिन, तर कोडशिवाय पशुसंवर्धन विभागाच्या परवान्याचाही प्रश्न येतो. तो माल निघण्याच्या आधी सोडवा, विमानतळावर नाही.

हे पान लिहायला अर्धा तास लागतो. पण क्वेरी आली तर उत्तर तुमच्याकडे तयार असतं. तुमचं उत्तर आणि इनव्हॉइसवरचं वर्णन एकमेकांशी जुळतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुमचा कोड कमी दराच्या मागे धावत निवडलेला दिसत नाही, वस्तूकडे बघून निवडलेला दिसतो. कस्टम्सच्या अधिकाऱ्यालाही तेवढंच हवं असतं.

एक सवय टाळा, तेवढी सांगतो आणि थांबतो. "मागच्या वेळी याच कोडने सुटलं होतं." मागच्या वेळी सुटलं म्हणजे बरोबर होतं असं नाही. कदाचित कोणी उघडून बघितलं नसेल. आठ आकडे दर वेळी नव्याने वाचा: हेडिंगचे शब्द, नोट, त्या दिवशीचा दर. प्रयोगातही आपण मागच्या वेळचा बफर आहे म्हणून पीएच न मोजता वापरत नाही ना? तसंच हे.

तर मंडळी, तुमच्या लॅबमध्ये कोडवरून अडकलेली एखादी वस्तू असेल, तर ती काय आहे ते या पाच मुद्द्यांत लिहून पाठवा. त्यातलं एखादं उदाहरण घेऊन पुढच्या एखाद्या भागात आपण कप्पा शोधू. तोपर्यंत रेझिन थंडीत ठेवा, कागद हाताशी ठेवा.

भेटू लवकरच!